काकूंच्या पेटीतलं पुस्तक

मैत्रिणींनो, आज स्वयंपाकघरातून थोडं बाहेर पडू या. फार लांब नाही, पलंगाखालच्या पत्र्याच्या पेटीपर्यंतच.

आमच्या वसमतला निवृत्त सैनिकांचं एक लहानसं मंडळ आहे. एक सुभेदार, एक हवालदार, बाकी नाईक आणि शिपाई. पंधरा ऑगस्टला पदकं लावून झेंड्याला सलामी द्यायची, सात डिसेंबरला शाळांमधून ध्वजदिनाचे डबे फिरवायचे, थंडीत चार ब्लँकेटं वाटून फोटो काढायचा, एवढंच यांचं काम असा माझा समज होता. तो मी चारचौघींत बोलूनही दाखवला आहे, तेव्हा कबुलीही चारचौघींतच देते.

झालं असं. आमच्या गल्लीत एक काकू राहतात. वय चौऱ्याहत्तर. नाव छापलेलं त्यांना आवडणार नाही, म्हणून नुसतं काकूच म्हणते. हळदीच्या हंगामात अजूनही कामाला जातात, हळकुंडं आणि गड्डे वेगळे करायला. वसमतच्या हळदीला २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं तेव्हा आम्हा सगळ्यांनाच अभिमान वाटला, पण त्या हळदीपाशी दिवसभर उकिडवं बसणाऱ्या बाईच्या गुडघ्यांना मानांकनाचा काय उपयोग!

काकूंचे मालक फौजेत होते. १९६५ च्या लढाईत पंजाबच्या सरहद्दीवर होते. पुढे घरच्या अडचणीमुळे सहा-सात वर्षांतच सुटून आले आणि शेतीला लागले. पंधरा वर्षांची नोकरी झाली नाही, म्हणून पेन्शन नाही. ते वारले त्यालाही आता बरीच वर्षं झाली. काकूंनी कधी कुणाकडे काही मागितलं नाही, कारण मागण्यासारखं काही आहे हेच त्यांना ठाऊक नव्हतं.

मंडळाची माणसं ब्लँकेट द्यायला आली तेव्हा हवालदार काकांनी सहज विचारलं, "वहिनी, भाऊंचं डिस्चार्ज बुक आहे का घरात?"

काकू म्हणाल्या, "हाय की! लई जपून ठेवलंय."

पेटी उघडली. वर लुगडी, मधे नातवाची बाळंतविडा बांधलेली दुपटी, आणि तळाशी लाल फडक्यात पुस्तक. काकूंनी ते खरंच जपलं होतं, पण देवासारखं! दर दसऱ्याला घरात विळे-कोयते पुजतात, त्यांच्याबरोबर हेही पाटावर मांडायचं आणि हळद-कुंकू वाहायचं. पहिल्या पानावर जिथे नंबर, हुद्दा आणि पलटणीचं नाव लिहिलेलं असतं, नेमकं तिथेच. इतक्या वर्षांच्या कुंकवाखाली नंबर पार बुडाला होता. शेवटचे तीन आकडे तेवढे लागत होते.

मी असते तर कपाळावर हात मारून घेतला असता. हवालदार काका मात्र ओट्यावर मांडी घालून बसले आणि म्हणाले, "वहिनी, भाऊ घरी मनीऑर्डर पाठवायचे ना? त्याची कुपनं ठेवली आहेत का?"

आता सांगा, हा प्रश्न कुणाला सुचला असता? जो स्वतः छावणीच्या पोस्टात रांगेत उभा राहून घरी पैसे पाठवत आला, त्यालाच. पाठवणाऱ्याच्या पत्त्यात नावाआधी नंबर लिहायची फौजेची रीत. काकूंनी दुपट्याच्या घडीतून चार कुपनं काढली. "पैका पोचल्याचं कळवावे" असा दोन ओळींचा मजकूर, आणि वर पूर्ण नंबर. काकू ती कुपनं कितीतरी वेळ हातात धरून बसल्या. आम्हीही कुणी काही बोललो नाही.

मग दुसरी अडचण निघाली, आणि ही तर तुमच्या-माझ्या घरातली. लग्नात तांदळाच्या ताटात नवऱ्याने लिहिलेलं नाव काकूंनी आयुष्यभर लावलं. आधार कार्डावर तेच. फौजेच्या कागदात मात्र नोंद आहे ती माहेरच्या नावाची, कारण नोंद करताना भाऊंनी सासऱ्यांकडून आलेला कागद पुढे केला असावा. बाई एक, नावं दोन. अर्ज तपासणाऱ्याला कसं कळावं की ही तीच?

तेव्हा प्रतिज्ञापत्र करायचं, दोन्ही नावं एकाच बाईची असल्याचे पुरावे जोडायचे आणि पलटणीच्या अभिलेख कार्यालयाकडे पाठवायचे. मराठा लाइट इन्फन्ट्रीचं हे कार्यालय बेळगावला, महार रेजिमेंटचं मध्य प्रदेशात सागरला, तोफखान्याचं नाशिक रोडला. घरच्या माणसाची पलटण कोणती एवढं तरी प्रत्येकीला माहीत हवं. नुसतं "मिलिटरीत होते" म्हणून भागत नाही.

एवढा खटाटोप कशासाठी, ते सांगते. पेन्शन नसलेला, हवालदार किंवा त्याखालच्या हुद्द्याचा माजी सैनिक, किंवा त्याची विधवा, वय पासष्टच्या वर आणि नियमित उत्पन्न नाही, अशांना केंद्रीय सैनिक बोर्डाकडून दरमहा मदत मिळते. ती ४,००० रुपये होती, १ नोव्हेंबर २०२५ पासून ८,००० झाली. मुलांच्या शिक्षणाची मदत, दोन मुलांपर्यंत, महिना १,००० ची २,००० झाली. दोन मुलींपर्यंत लग्नाची मदत आणि विधवेच्या पुनर्विवाहाची मदत ५०,००० ची एक लाख झाली. अर्ज ऑनलाइन भरायचा आणि कागद जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयातून तपासून पुढे जातात. हा पैसा ज्या निधीतून येतो तो सशस्त्र सेना ध्वजदिन निधीचाच भाग आहे. १९४९ पासून दर सात डिसेंबरला आपल्या पोरांच्या छातीवर ती छोटी तिरंगी पट्टी लावतात ना, लाल, गडद निळी आणि फिकट निळी, त्याच ध्वजदिनाचा. ती पट्टी मी घरी येताच कचऱ्यात टाकत आले. यंदा नाही टाकली.

माजी सैनिकांची मोठी कामं आपण ऐकलेली असतात. राळेगणसिद्धीचे अण्णा हजारे फौजेत वाहनचालक होते, १९७५ मध्ये निवृत्त होऊन गावी आले आणि पाणी अडवायच्या मागे लागले. आपल्या मराठवाड्यात २०१७ मध्ये माजी सैनिकांची पर्यावरण बटालियन उभी राहिली, झाडं लावून जगवण्यासाठी. त्या कामाची वर्तमानपत्रं दखल घेतात. ओट्यावर बसून कुंकवाखालचा नंबर शोधण्याची दखल कोण घेणार? म्हणून मी इथे लिहिते आहे. आणि मंडळींना एक टोचूनही सांगते: ब्लँकेट वाटताना फोटो काढता, तसा एखादा कागद वाचतानाही काढा. बघून आणखी दोघीजणी पेटी उघडतील.

आता कामाचं. घरात कुणी फौजेतलं असेल, नवरा, सासरे, वडील, तर या आठवड्यात पेटी काढा. डिस्चार्ज बुक आणि पेन्शनचा आदेश, म्हणजे पीपीओ, बघा. त्यात तुमचं नाव आहे का, आधारवर आहे तसंच आहे का, जन्मतारीख जुळते का. जुळत नसेल तर दुरुस्ती माणूस हयात असतानाच करून घ्या. तो सही करतो आणि काम सोपं होतं. त्याच्यामागे तेच काम तिप्पट होतं. हा विषय काढला की पुरुष म्हणतात, "अभद्र बोलू नकोस." तुम्ही म्हणा, अभद्र नाही, हिशेब आहे.

पेन्शन असेल तर हयातीचा दाखला वर्षातून एकदा लागतो, बहुधा नोव्हेंबरात. पोरगं किंवा पोरगी बारावीला साठ टक्क्यांच्या वर असून व्यावसायिक पदवीला जाणार असेल तर पंतप्रधान शिष्यवृत्तीची चौकशी करा, मुलीला महिना ३,००० आणि मुलाला २,५०० आहेत. घरपट्टीच्या माफीची योजना राज्य शासनाने २०२० मध्ये आणली आहे. नगर परिषदेत अर्ज केल्याशिवाय ती आपोआप लागत नाही बरं का.

मूळ कागदाला लॅमिनेशन करू नका, पुढे त्यावर नोंद किंवा शिक्का मारायचा झाला तर पंचाईत होते. कोरड्या प्लास्टिकच्या पिशवीत सपाट ठेवा, घडी घालू नका. पेटीत वाळलेला कडुनिंबाचा पाला टाका. डांबराच्या गोळ्या टाकल्या तर पुरचुंडीत बांधून, कागदाला लागणार नाहीत अशा. तीन झेरॉक्स काढा, एक प्रत माहेरी ठेवा. आणि पलटणीचा नंबर, नाव, हुद्दा एका वहीत लिहून ठेवा, किराणा हिशेबाच्या वहीत लिहिला तरी चालेल, ती वही काही आपण हरवत नाही.

काकूंचं पुस्तक आता हवालदार काकांनी आणलेल्या प्लास्टिकच्या वेष्टनात आहे. काकूंचा जीव मात्र खालीवर होत होता. "दसऱ्याला कुंकू कुठं लावू मग?" तर काका म्हणाले, "वेष्टनावर लावा वहिनी, भाऊंना पोचतं."

अर्ज अजून गेलेला नाही. प्रतिज्ञापत्राचं काम बुधवारी आहे, तहसिलीपाशी. काकूंनी त्या दिवसाची मजुरी सोडली आहे आणि मला सोबत बोलावलं आहे. दोन नावांची बाई एकच, याची साक्ष द्यायला गल्लीतली कुणीतरी हवी. त्यामुळे बुधवारी आमच्या घरी सकाळीच पिठलं-भाकरी करून ठेवणार आहे, ज्याने त्याने वाढून घ्यायची.