पुन्हा बिगरीत

मंगरूळपीरला बाबासाहेबांच्या समता सैनिक दलाच्या शिबिरात आम्ही लाठी शिकलो, तेव्हा आपला तालुका अकोल्यात होता. १९९८ साली वाशिम जिल्हा झाला, तोवर लाठी माळ्यावर गेली होती.

यंदा पुन्हा मैदानावर गेलो. शिक्षकांनी थेट दहा वर्षांच्या मुलींच्या रांगेत उभे केले! लाज वाटली, खोटे कशाला बोला? हातांना आठवत होते. पाय मात्र ऐकेनात. जपानच्या केंडोत चार बांबूपट्ट्या बांधलेली तलवार असते, आपली लाठी अखंड बांबूची. पण नवशिक्याला पावले दोन्हीकडे गिरवावीच लागतात.

शेजारची चिमुरडी म्हणाली, "काका, मूठ सैल धरा."

धरली. लाठी फिरली.

उद्या सहाला पुन्हा जायचे आहे. सौभाग्यवतींनी गुडघ्यासाठी तेल काढून ठेवले आहे.