खरी मसल कार कोणती?

उर्दूत 'मसल' म्हणजे म्हण. 'जर्बुल-मसल' हा शब्द तुम्ही उर्दूच्या तासाला ऐकला आहे. म्हणून आमच्या वर्गात एकाने 'मसल कार' हे नाव काढले, तेव्हा शेजारचा मुलगा हसून म्हणाला, "म्हणजे म्हणींची गाडी का?" इंग्रजीतला मसल वेगळा. त्याचा अर्थ स्नायू. लहान मुले दंड वाकवून बेडकुळी फुगवून दाखवतात ना, तीच ही मसल.

वादाचे कारण असे झाले. वाशीमला पुसद नाक्याजवळच्या एका गॅरेजात एक जुनी कॉन्टेसा दुरुस्तीला आली होती. लांब नाक, रुंद छाती, चार गोल दिवे. शाळा सुटली की मुले तिच्याभोवती उभी राहत. एकाने मला ठामपणे सांगितले, "सर, ही भारताची मसल कार आहे. सगळेच तसे म्हणतात." सगळे म्हणतात हे खरे आहे. पण मला ते पटत नाही. का पटत नाही, ते सांगतो.

आधी आपल्याकडची एक गोष्ट आठवा. वऱ्हाडात शंकरपट भरतो. शेतातली बंडी मणामणाचे ओझे वाहते, म्हणून ती जड असते. पटाचा छकडा मात्र इतका हलका असतो की माणूस तो सहज ओढत नेईल. अशा हलक्या छकड्याला दमदार बैलजोडी जुंपतात. पटाचे बैल वेगळे पोसतात, हे मला ठाऊक आहे. तरी मुद्दा तोच राहतो : ओझ्याच्या मानाने ताकद फार जास्त. म्हणून तो छकडा उडतो. मसल कारचे सारे रहस्य एवढेच आहे.

अमेरिकेत पाँटियाक कंपनीने १९६४ साली जीटीओ नावाची गाडी काढली. पहिली मसल कार म्हणून बहुतेक लोक तिचेच नाव घेतात. पाँटियाक ही जनरल मोटर्सची शाखा होती. मध्यम आकाराच्या गाडीत सुमारे ५.४ लिटरपेक्षा मोठे इंजिन घालायचे नाही, असा मूळ कंपनीचा नियम होता. जॉन डीलोरियन आणि त्यांच्या सोबतच्या इंजिनिअरांनी त्यातून वाट काढली. त्यांनी नवी गाडी जाहीरच केली नाही. मध्यम आकाराच्या टेम्पेस्ट गाडीवर गिऱ्हाईक हौसेने जास्तीचे सामान बसवून घेते, तसे त्यांनी मोठ्या गाडीचे ६.४ लिटरचे, आठ सिलिंडरचे इंजिन 'जास्तीचे सामान' म्हणून देऊ केले. त्यासाठी सुमारे तीनशे डॉलर जास्त पडत. ताकद ३२५ अश्वशक्ती! त्याच १९६४ साली मुंबईत कुर्ल्याच्या प्रीमियर कारखान्यातून फियाट ११०० डिलाइट बाहेर पडत होती. तिचे इंजिन १०८९ सीसीचे होते. जीटीओचे इंजिन जवळजवळ सहापट मोठे झाले.

(त्या काळी अमेरिकन कारखाने सायलेन्सर वगैरे न जोडता, नुसते इंजिन मांडणीवर चढवून ताकद मोजत. ओला कापूस काट्यावर ठेवावा, तसा तो आकडा थोडा फुगलेला असे.)

तीनशे डॉलरची गोष्ट मी मुद्दाम सांगितली. लोक इंजिनाबद्दल बोलतात आणि किमतीला विसरतात. इटलीची फेरारी जीटीओपेक्षा कितीतरी नामांकित होती. 'जीटीओ' हे नावसुद्धा पाँटियाकने फेरारीकडूनच उचलले. पण फेरारी श्रीमंतांची गाडी. तिला कोणी मसल कार म्हणत नाही. नोकरीला नुकता लागलेला तरुण जी घेऊ शकेल ती मसल कार. माझ्या मते ही अट इंजिनाइतकीच महत्त्वाची आहे.

आता कॉन्टेसाकडे या. ती पश्चिम बंगालमधील उत्तरपाडा येथे हिंदुस्तान मोटर्सच्या कारखान्यात १९८४ पासून २००२ पर्यंत तयार होत होती. तिचा सांगाडा इंग्लंडच्या व्हॉक्सहॉल कंपनीच्या गाडीचा होता. इंजिन मात्र अँबॅसेडरचेच, दीड लिटरचे. अश्वशक्ती पन्नासच्या आसपास, आणि गाडीचे वजन बाराशे किलोच्या घरात! पुढे जपानच्या इसुझूचे १.८ लिटरचे इंजिन आले. त्याची ताकद ८८ अश्वशक्ती होती. गाडी बरीच सुधारली. आतली बैठक ऐसपैस होती आणि लांबच्या प्रवासात माणूस थकत नसे. चांगली गाडी होती, हे मी नाकारत नाही. पण किंमत सामान्य माणसाच्या आवाक्याबाहेर, आणि बेडकुळी फक्त पत्र्याची.

हिशेबच करायचा तर यामाहा आरएक्स १०० घ्या. ही मोटारसायकल १९८५ ते १९९६ या काळात आपल्या देशात तयार झाली. इंजिन ९८ सीसी, ताकद ११ अश्वशक्ती, वजन जेमतेम शंभर किलो. स्वार न धरता दर शंभर किलोमागे आरएक्सला ११ अश्वशक्ती मिळते. इसुझूच्या कॉन्टेसाला सातच्या थोडी वर. मसल हे नाव आपल्याकडे कोणाला द्यायचेच असेल, तर मी ते या दुचाकीला देईन. ती 'कार' नाही, एवढीच अडचण!

हा वाद नुसता नावाचा असता तर मी इतके लिहिले नसते. पण आमच्या एका विद्यार्थ्याच्या थोरल्या भावाने वर्षभर हमाली करून साठवलेले पैसे एका जुन्या मोटारीवर घातले. रुंद टायर, काळे पट्टे, आवाज करणारा सायलेन्सर. जड चाकांमुळे गाडी पूर्वीपेक्षा मंद झाली. ब्रेक तसेच जुने राहिले. एका पावसाळी संध्याकाळी गाडी रस्त्यालगतच्या नालीत गेली. माणूस वाचला, पैसे गेले. मला सर्वांत जास्त राग आला तो या गोष्टीचा, की त्याला कोणी 'ब्रेक बघ' असे सांगितले नव्हते. १९६४ च्या जीटीओचा दोषही हाच होता. इतकी ताकद, आणि चारही चाकांना साधे ड्रम ब्रेक. पटाचे बैल कितीही तेज असोत, कासरा कच्चा ठेवून कोणी पटावर उतरत नाही.

अमेरिकेतही तो काळ फार टिकला नाही. तरुण चालकांचा विमा महागला, १९७० मध्ये धुराविरुद्ध कडक कायदा झाला आणि १९७३ च्या अखेरीस तेलाचे भाव भडकले.

शेवटी मी त्या मुलांना घेऊन गॅरेजात गेलो. सगळे ज्यांना चाचा म्हणतात त्या मिस्त्रींनी कॉन्टेसाचे बॉनेट उचलले. आत अँबॅसेडरचे छोटे इंजिन, आणि दोन्ही बाजूंना भरपूर मोकळी जागा. मी सांगितले, इंग्लंडमध्ये याच सांगाड्यात सहा सिलिंडरचे ३.३ लिटरचे इंजिनही बसवत असत. ही जागा त्याची आहे.

वाद घालणारा मुलगा बराच वेळ त्या जागेकडे पाहत राहिला. मग म्हणाला, "चाचा, यात मोठे इंजिन बसेल का?"

"बसेल की," चाचा हात पुसत म्हणाले. "पण बेटा, आरटीओला काय सांगशील? आणि पेट्रोल कोण भरणार?"