दाव्यात बहिणीचे नाव कुठे आहे?

सातबाऱ्यावर नाव लागावे म्हणून बायका तलाठ्याकडे खेटे घालतात. पण जमीन कोर्टात गेली की आणखी एक कागद पाहावा लागतो, तो म्हणजे दाव्याचे पहिले पान. एक भाऊ वादी, दुसरा प्रतिवादी. बहिणींचा पत्ताच नाही. ‘त्या दिल्या घरी सुखी आहेत!’ पुढे भाऊ आपसात तडजोड करतात आणि हुकूमनामा होतो.

हिंदू कुटुंबातील मुलींना महाराष्ट्राने १९९४ साली वडिलार्जित मिळकतीत समान हक्क दिला, पण त्याआधी लग्न झालेल्यांना वगळून. २००५ च्या केंद्रीय दुरुस्तीने ती अट गेली. हा हक्क जन्माने मिळतो, वडील २००५ साली हयात असण्याची गरज नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने २०२० साली स्पष्ट केले. २० डिसेंबर २००४ पूर्वी रीतसर नोंदवलेली किंवा कोर्टाने केलेली वाटणी मात्र उलटवता येत नाही.

म्हणजे अशा दाव्यात बहीण आवश्यक पक्षकार आहे. तिला वगळले असेल, तर दिवाणी प्रक्रिया संहितेच्या आदेश १, नियम १० प्रमाणे दाव्याच्या कोणत्याही टप्प्यावर कोर्ट तिला सामील करू शकते. तिने स्वतः अर्ज करावा. वाटणीत प्राथमिक हुकूमनाम्यानंतरही, अंतिम हुकूमनामा होईपर्यंत, ही वाट खुली असते. पण उशीर नको. मुदतीच्या हिशेबात तिच्यापुरता दावा सर्वसाधारणपणे ती सामील झाल्या दिवसापासून धरतात. तिला वगळून झालेला हुकूमनामा तिच्यावर बंधनकारक नसतो, हे खरे. पण तोवर जमीन विकली गेली तर पुन्हा नवा दावा आणि नवी वर्षे.

आपण दावा लावतानाही हेच भान हवे. १९६३ साली सर्वोच्च न्यायालयासमोर एका मुलीचा दावा होता. मिळकत आईचीच ठरली, तरी सहवारस भावांना सामील केले नाही म्हणून ती हरली. आई, बहिणी, वारलेल्या भावाची बायको-मुले, सर्वांची नावे घाला. सासरचे-माहेरचे नाव आणि सध्याचा पत्ता बरोबर लिहा.

१८ ऑगस्ट २०२५ पासून कोल्हापुरात उच्च न्यायालयाचे सर्किट बेंच आहे. अपिलासाठी मुंबईची वारी वाचली. पण मूळ दाव्यात नावच नसेल तर तिथवर जाणार कोण?

मैत्रिणींनो, गावोगावच्या बैठकीत एक प्रश्न विचाराच: तुमच्या माहेरच्या जमिनीचा दावा चालू आहे का, आणि त्यात तुम्ही आहात का? वकिलाच्या फीची धास्ती नको. जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडून स्त्रियांना, उत्पन्न कितीही असो, मोफत वकील मिळतो.