कॉसमॉस बँकेवरचा दरोडा आणि आपण

ऑगस्ट २०१८ मध्ये पुण्याच्या कॉसमॉस बँकेतून तीन दिवसांत सुमारे ९४ कोटी रुपये गेले. १९०६ साली स्थापन झालेल्या या सहकारी बँकेत अनेक मराठी घरांच्या ठेवी आहेत. दरोडेखोरांनी बँकेची पायरीही चढली नाही. संगणकयंत्रणेत शिरून त्यांनी बनावट कार्डांच्या व्यवहारांना मंजुरी मिळवली आणि ११ ऑगस्टला काही तासांत २८ देशांतल्या एटीएममधून सुमारे ७८ कोटी काढले. भारतातही, कोल्हापूरसह काही शहरांत, अडीच कोटी काढले गेले. १३ तारखेला जवळपास १४ कोटी हाँगकाँगच्या एका खात्यात वळते झाले.

तक्रार नोंदली गेली चतुःशृंगी पोलीस ठाण्यात. पुण्याचे पोलीस परदेशात जाऊन कोणाला बेड्या घालू शकत नाहीत, आणि इंटरपोलही नाही. इंटरपोलची रेड नोटीस ही विनंती असते; अटक करायची की नाही हे तो तो देश आपल्या कायद्याप्रमाणे ठरवतो. पुरावा हवा असेल तर न्यायालयामार्फत पत्र जाते. आपल्याकडून हा संपर्क सीबीआय ठेवते. राज्यांच्या पोलिसांची विनंती लवकर पोहोचावी म्हणून जानेवारी २०२५ मध्ये ‘भारतपोल’ हे पोर्टल सुरू झाले.

पुणे प्रकरणात हाँगकाँगहून काही कोटी परत आले. एप्रिल २०२३ मध्ये पुण्याच्या न्यायालयाने ११ जणांना दोषी ठरवले. मात्र संयुक्त राष्ट्रांच्या तज्ज्ञांनी या चोरीचा संबंध ज्या उत्तर कोरियाशी जोडला, तो देश इंटरपोलचा सदस्यच नाही. म्हणजे सूत्रधार दूर राहिले आणि शिक्षा झाली ती इथल्या हस्तकांना.

आपल्यासाठी मुद्दा इथेच आहे. सरदार सरोवराच्या पाण्यात जुने निसरपूर गेले. घर-शेतीच्या बदल्यात मिळालेली रक्कम अनेकांच्या बँकखात्यात आहे. एकदा सीमेपार गेलेला पैसा परत आणायला वर्षे लागतात. तो देशातच अडवता येतो, पण त्यासाठी पहिले काही तास महत्त्वाचे. फसवणूक लक्षात येताच १९३० वर फोन करावा. लाजेपोटी दोन दिवस घालवू नयेत.

दुसरे, घरातल्या तरुणांना बजावून सांगूया: थोड्या कमिशनसाठी आपले खाते, एटीएम कार्ड किंवा सिम कोणालाही वापरायला देऊ नका. परदेशातल्या चोराला इथला हात लागतोच, आणि पोलीस आधी त्या हातापर्यंत पोहोचतात.