लाईन सोडण्याआधी एवढं करा

देवणी, वलांडी, बोरोळ या भागातल्या ड्रायव्हर मंडळींनो, उमेदीची वर्षं तुम्ही लाईनवर काढली. लातूरच्या बाजारातली डाळ, सोयाबीन मुंबई-हैदराबादला पोचवलं. आता क्लच दाबताना गुडघा बोलतो. रात्रीची गाडी नको वाटते. तरी "सोडलं तर खायचं काय?" म्हणत अजून एक भाडं, अजून एक सीझन असं चाललंय.

आपल्याकडं देवणी बैल थकला की त्याला भरल्या गाडीला जुंपत नाहीत, हलक्या कामाला लावतात. जनावराचा एवढा विचार करता, तसा स्वतःचाही करा. हातपाय धड आहेत तोवर, हिशेब मांडून लाईन सोडा. अपघातानं किंवा लकव्यानं सोडायला लावली तर हिशेब करायला उसंत मिळत नाही.

आधी तारीख ठरवा. लायसन्स काढून बघा. २०१९ साली कायदा बदलला, तेव्हापासून ट्रान्सपोर्टचं लायसन्स पाच वर्षांचं मिळतं. पुढची मुदत कधी संपते ते पाहा आणि तीच शेवटची धरा. ती फार लांब असेल तर येता पाडवा धरा. मालकाला दोन महिने आधी सांगा. ऐनवेळी चावी टाकून आलात तर तुमचाच पगार अडकेल.

तोवर गाडी चालवायची आहे, म्हणून डोळे आणि साखर तपासून घ्या. चाळिशीनंतर लायसन्सला डॉक्टरचा दाखला लागतो. तो एजंटाच्या टेबलावर बसून करून घेऊ नका. कागद मिळेल, नजर मिळणार नाही. समोरच्या गाडीचा दिवा डोळ्यावर आला की दिव्याभोवती गोल कडं दिसतं का? गाडी निघून गेल्यावरही थोडा वेळ रस्ता नीट दिसत नाही का? मग मोतीबिंदू असू शकतो. उदगीरला लायन्सचं डोळ्यांचं रुग्णालय आहे, तिथं जाऊन दाखवा. डॉक्टर हो म्हणेपर्यंत रात्रीचं भाडं घेऊ नका.

आता मालकाचा हिशेब. उचल किती घेतली, किती फिटली, भत्ता किती राहिला, हे वहीत लिहून दोघांच्या सह्या घ्या. मोठ्या ट्रान्सपोर्टकडं काम केलं असेल तर पीएफ कापला जात होता का ते विचारा. जुन्या पगाराच्या चिठ्ठ्या शोधा. पीएफची नोकरी सगळी मिळून दहा वर्षं भरली असेल, तर ५८ व्या वर्षापासून पेन्शन मिळते. मालक बदलले म्हणून जुनी वर्षं वाया जात नाहीत, पण ती जोडून घ्यावी लागतात.

गाडी स्वतःची असेल तर ती विकताना सगळ्यात जास्त जपा. आपण सीमेवरची माणसं. गिऱ्हाईक भालकीचं येतं, बिदरचं येतं. ओळखीचा माणूस मधे असतो. बाँडवर लिहून घेतात, पैसे मोजतात, गाडी जाते. आरसी बुकावर नाव मात्र तुमचंच राहतं. पुढं ती गाडी कुठं कुणाला धडकली आणि विमा संपलेला असला, तर भरपाईची नोटीस तुमच्या दारात येते. ज्याच्या नावावर नोंदणी, तोच मालक, असं सुप्रीम कोर्टानं २०१८ सालीच सांगितलंय. बाँड दाखवून सुटका होत नाही.

म्हणून क्रम चुकवू नका. आधी फायनान्सचा बोजा उतरवा. चलन थकलेलं असेल तर भरा. गाडी कर्नाटकात जाणार असेल तर आरटीओची एनओसी काढा. नावबदलाच्या २९ आणि ३० नंबरच्या कोऱ्या फॉर्मवर सही करू नका, घेणाऱ्याचं नाव आणि तारीख आधी भरून घ्या. त्याचं आधार, फोटो ठेवा. गाडी ताब्यात दिली ती तारीख आणि वेळ लिहून त्याची सही घ्या. फास्टॅग त्याच दिवशी बंद करा, नाहीतर टोल त्याच्या गाडीचा आणि पैसे तुमच्या खात्यातले. नव्या नावाचं आरसी डोळ्यानं बघेपर्यंत थोडी रक्कम मागं ठेवायला लावा.

हातात पैसा आला की मागणारे येतात. त्यात घरचेही असतात. पोरगा म्हणेल, "बाबा, नवीन गाडी काढू, तुम्ही फक्त जामीन राहा." जामीन राहू नका. त्याचे हप्ते थकले तर वसुली तुमच्याकडं येते, आणि या वयात फेडायला तुमच्याकडं चाक नसेल. त्याला मदत करायची तर झेपेल तेवढी रोख द्या आणि ती गेली असं समजा. बाकीची रक्कम पोस्टात मासिक व्याजाच्या योजनेत टाका. व्याज थोडं वाटेल, पण महिन्याचा किराणा त्यातून भागतो.

सरकारी कागद वेळेत करा. ई-श्रमची नोंदणी ६० वर्षं पूर्ण व्हायच्या आतच होते. बँकेत वर्षाला २० रुपयांत दोन लाखांचा अपघात विमा आहे, तो सत्तरीपर्यंत चालतो. वय ६५ झालं आणि घरचं वर्षाचं उत्पन्न २१ हजारांच्या आत असेल, तर श्रावणबाळ योजनेतून महिन्याला दीड हजार मिळतात. त्याचा अर्ज तहसीलला द्यायचा. पोरगा ड्रायव्हर असेल आणि चाळिशीच्या आत असेल, तर त्याला आजच अटल पेन्शनमध्ये घाला. चाळिशीनंतर तिथं घेत नाहीत.

लगेच चार गाई घेऊन गोठा बांधायला धावू नका. देवणी गाय चांगली. दूध देते, तिचा गोऱ्हा शेतात चालतो. पण चारा-पाणी रोजचं असतं. एकीपासून सुरुवात करा. आणि घरच्या बाईला विचारा. तुम्ही लाईनवर असताना धारा तिनंच काढल्या, वैरणही तिनंच बघितली. त्यातलं तुमच्यापेक्षा तिला जास्त कळतं.

चाक अगदीच सुटत नसेल तर हलकी गाडी चालवा. साध्या एलएमव्ही लायसन्सवर साडेसात हजार किलोपर्यंतची मालगाडी चालते, हे सुप्रीम कोर्टानं नोव्हेंबर २०२४ मध्ये पक्कं केलंय. 'छोटा हत्ती' टेम्पोवर भाजी-दूध घेऊन सकाळी उदगीर गाठायचं आणि दुपारी घरी जेवायला यायचं.

घरच्यांनाही सांगतो. पहिले काही महिने ड्रायव्हर साहेबांना रात्री झोप लागणार नाही. चिडचिड होईल. जागं राहायला लागलेली तंबाखू एका दिवसात सुटणार नाही. टोचून बोलू नका. बाजार, बँक, नातवाची शाळा यातलं एक काम पूर्ण त्यांच्यावर सोपवा. आणि तुम्ही, ड्रायव्हर साहेब, घर तुमच्याशिवाय इतकी वर्षं चाललंय हे ध्यानात ठेवा. आल्या आल्या हुकूम सोडू नका.

आज संध्याकाळी लायसन्स, आरसी, विमा, पासबुक एका पिशवीत घाला. बायको आणि पोरांसमोर ती उघडा. कुणाचं किती देणं, कुणाकडून किती येणं, सगळं मोकळेपणानं सांगा. तारीख त्यांच्यासमोरच ठरवा, म्हणजे ती पुढं ढकलता येणार नाही.