आला का रंग?

दिवाळीला घरास रंग द्यावयाचा, ही आपली जुनी चाल. 2004 सालच्या दिवाळीत, 12 नोव्हेंबरला, ऐन लक्ष्मीपूजनाच्या दिवशी, एका जुन्या चित्रपटालाही नखशिखान्त रंग देऊन पुन्हा पडद्यावर उभे करण्यात आले. तो चित्रपट म्हणजे के. आसिफ यांचा 'मुघल-ए-आझम'. 5 ऑगस्ट 1960 रोजी मुंबईच्या मराठा मंदिरात तो लागला, तेव्हा बहुतेक काळा-पांढरा होता. 'बहुतेक' हा शब्द वाचकांनी कृपा करून ध्यानात ठेवावा. पुढची सारी मदार त्याच्यावर आहे.

आम्हां नगरकरांचे या चित्रपटाशी नाते जरा विचित्रच. पडद्यावरचा अकबर एकुलत्या एका मुलाच्या बापासारखा तळमळतो. प्रत्यक्षात त्याचा दुसरा मुलगा मुराद 1595 साली आमच्या भुईकोट किल्ल्याला वेढा घालून बसला होता आणि चांदबिबीने त्याची डाळ शिजू दिली नव्हती. तिसरा मुलगा दानियाल, त्याने 1600 साली किल्ला घेतला. शाळेत चांदबिबीचा अभिमान धरावयाचा आणि घरी पृथ्वीराज कपूरच्या आवाजावर जीव टाकावयाचा, असा दुटप्पीपणा आम्ही पोरांनी अगदी सुखाने केला. असो, इतिहास शोधायला बसलो तर अनारकलीपासूनच पंचाईत आहे.

हा चित्रपट मी प्रथम पाहिला तो आठ-नऊ वर्षांचा असताना, भाड्याने आणलेल्या व्हिडिओवर. शेजारची दहाबारा मंडळी चटईवर दाटीवाटीने बसली होती. आईने हा चित्रपट लग्नाआधी पाहिलेला. तिचे माहेर नेवाशाकडचे; मामाबरोबर एस.टी.ने नगरला येऊन तिने तो पाहिला होता. ती सांगे, "आधी सगळं काळं-पांढरं. आणि ती अनारकली दरबारात बादशहासमोर नाचायला उभी राहिली तसा एकदम रंग आला बघ! सगळं थेटर 'अगो बाई' म्हणालं." मी डोळे ताणून त्या घटकेची वाट पाहत होतो. शीशमहाल आला, हजार आरशांत मधुबाला फिरली. पण रंग काही येईना. आमचा टी.व्ही.च काळा-पांढरा होता! "आत्ता आला असता," आई हळूच म्हणाली. त्या रात्री मी तो रंग मनानेच भरला. तो कसला होता ते आता सांगता येणार नाही, पण फार देखणा होता.

म्हणून 2004 साली नवी रंगीत प्रत आली, तेव्हा आईला घेऊन मी हौसेने गेलो. पहिल्या चित्रापासून रंगच रंग. हिरवे-जांभळे शेले, सोनेरी खांब, गुलाबी गाल. मधुबालेचे गाणे सुरू झाले. मी शेजारी पाहिले, तर आई पुढे सरसावून बसली होती.

"आला का रंग?" तिने विचारले.

"अगं, पहिल्यापासून रंगच आहे की."

"हो रे. पण मग तो आला कधी?"

मराठीचा अध्यापक असूनही मला त्यावर उत्तर सुचले नाही.

रंग देणाऱ्यांची बाजू लंगडी नाही. ते गाणे आसिफ यांनी रंगीत फितीवर घेतले, ते त्यांना इतके भावले की शेवटाकडची काही रिळेही त्यांनी रंगीत केली. सारा चित्रपट पुन्हा रंगात घ्यावा असे त्यांच्या मनात होते, पण वितरकांचा धीर सुटला. तेव्हा त्यांची इच्छाच पुरी केली, असे म्हणता येते. आसिफ 1971 सालीच वारले, त्यांना विचारणार कोण? कष्टही थोडे नव्हेत. सेकंदाला चोवीस चित्रे, म्हणजे तीन तासांना अडीच लाखांवर. त्यांवरचे ओरखडे पुसावयाचे आणि मग रंग भरावयाचे. पण दुर्गाबाई खोट्यांची जोधाबाई सावलीत उभी राहते, तेव्हा निम्मे दुःख त्या सावलीत असते. तेथे रंग भरल्यावर ती कॅलेंडरावरच्या देवीसारखी दिसू लागली. शिवाय मूळचा चित्रपट 197 मिनिटांचा, रंगीत 177 मिनिटांचा. वीस मिनिटे गेली ती गेलीच.

माझ्या धंद्यात याला पाठाचा प्रश्न म्हणतात. आईच्या माहेरच्या नेवाशाला शके 1212 मध्ये ज्ञानेश्वरी झाली. पुढे नकलाकारांच्या हातून तिचे पाठ बिघडले. नाथांनी शके 1506 मध्ये त्या पोथीची शुद्ध प्रत सिद्ध केली आणि बजावून ठेवले, की यापुढे कोणी आपली ओवी यात घालू नये. नाथ स्वतः थोर कवी. एखादी ओवी त्यांनी घातली असती तर कोणास कळले असते? पण त्यांनी धूळ झाडली आणि हात आवरला.

2025 साली दोन्ही तऱ्हा एकाच पावसाळ्यात पाहावयास मिळाल्या. जूनमध्ये इटलीतील बोलोन्या येथे 'शोले' दाखविला गेला, तो धुऊनपुसून, आणि 1975 साली सेन्सॉरने बदलायला लावलेला मूळचा शेवट जागेवर बसवून. तेथे ठाकूर गब्बरला ठार करतो. ऑगस्टमध्ये 'रांझणा'ची तमिळ आवृत्ती आली. तीत मेलेला नायक यंत्राच्या बुद्धीने जिवंत करण्यात आला. दिग्दर्शक आनंद राय आणि नट धनुष या दोघांनीही हरकत घेतली, तरी ती लागलीच. ही घातलेली ओवी.

मला स्वतःला रंगीत 'मुघल-ए-आझम'वर बंदी वगैरे नको आहे. माझ्या मुलीला तोच आवडतो. काळे-पांढरे लागले की ती उठून जाते. एवढेच वाटते, की मूळ प्रतही बाजारात सहज मिळावी, आणि नव्या प्रतीच्या आरंभी ठळक अक्षरांत लिहावे: मूळ चित्रपट 197 मिनिटांचा असून त्यात रंग फक्त काही रिळांत होता. वनस्पती तुपाच्या डब्यावर 'वनस्पती' लिहावे लागते, तसे. ज्याला त्याच्याच करंज्या तळावयाच्या असतील त्याने खुशाल तळाव्यात.