दहावा रुपया कुणाचा?

शिव्या नंतर घाला. आधी हिशोब करा.

मटक्यात आकडे दहा. शून्य ते नऊ. दहाही आकड्यांवर एकेक रुपया लावा. येणार एकच. भाव एकास नऊ. हातात नऊ रुपये. दहावा रुपया कुणाचा?

पोरगं म्हणतं, नशीब. १९५६ साली नागपुरात आपल्या बापजाद्यांनी देव सोडले. नशीब मात्र टपरीवर चिठ्ठी होऊन परत आलं.

अंबाजोगाई. आद्यकवी मुकुंदराजाची समाधी इथं. आणि इथलं दहावीतलं पोरगं ओपन-क्लोज पाठ करतंय. आईबाप मुकादमाची उचल घेऊन ऊस तोडायला गेलेत. पोरगं आजीपाशी. खिशात आईनं ठेवलेले पैसे, हातात मोबाइल. शहाणे म्हणतात, पोरगं वाया गेलं. गेलं नाही, साल्यांनो, घातलं गेलं.

हा धंदा आला कुठून? न्यूयॉर्कच्या कापसाचे भाव मुंबईत यायचे, त्यावर सट्टा चालायचा. ते बंद पडले आणि १९६२ ला कल्याणजी भगतनं वरळीत मटका काढला. कापसाच्या गाठी आम्ही गोदीत पाठीवर वाहिल्या. कापूस गेला, आकडा पाठीवरच राहिला.

कायदा १८८७ पासून आहे. तो टपरीवरच्या पोराची कॉलर धरतो. १९६७ ला सुप्रीम कोर्टानं रमीला कौशल्याचा खेळ ठरवलं. त्याच्या आडून कंपन्यांनी मोबाइलात अड्डे उघडले. ऑगस्ट २०२५ मध्ये दिल्लीनं पैशांच्या ऑनलाइन खेळांवर बंदीचा कायदा केला. त्याच्या महिनाभर आधी विधान परिषदेत तेव्हाच्या कृषिमंत्र्यांच्या मोबाइलवर पत्ते दिसले. ते म्हणाले, आपोआप आलेला खेळ बंद करत होतो. मग खातं बदललं. नवं खातं कुठलं? क्रीडा आणि युवक कल्याण!

बायको पणाला लावणारा धर्मराज. दहा रुपये लावणारं आपलं पोरगं जुगारी.

बुद्धानं सिगालाला सांगितलं : जिंकला तर वैर, हरला तर शोक, आणि जुगाऱ्याच्या शब्दाला सभेत किंमत नाही. आपल्या शब्दाला सभेत किंमत नको, हेच तर त्यांना हवंय!

मग करायचं काय? संध्याकाळी विहारात अभ्यासिका उघडा. दहाव्या रुपयाचा हिशोब फळ्यावर मांडा. हरलेल्या पोराला मारू नका. मारलं की ते कर्ज लपवतं, आणि फेडायला पुन्हा आकड्याकडंच जातं. त्याच्याशेजारी बसा. कर्ज किती, ते घरात उघडं बोला.

आणि शेवटचं, आपल्याच तोंडावर. १४ एप्रिलच्या वर्गणीत मटकेवाल्याचं पाकीट कोण घेतं? मी घेतलंय. वस्तीत, डीजेसाठी, स्वतः मोजून. त्यातल्या नोटानोटात कुठल्यातरी पोराचा दहावा रुपया होता.

यंदा ते पाकीट परत करायचं. मिरवणूक लहान निघेल. निघू द्या.

जय भीम!